कोडमधे अजून एक इफ (if, म्हणजे 'असं असेल तर तसं कर' ही अट) टाकायच्या आधी हे करा

नाशकातल्या छोट्या टीमसाठी लिहितोय, म्हणजे दोन-चार डेव्हलपर, वेगळा टेस्टर नाही, आणि क्लायंट अंबड-सातपूरचा कारखानदार नाहीतर लासलगावकडचा कांदा एक्सपोर्टर, ज्याला सगळं आजच पाहिजे असतं.

कांद्याचंच घ्या ना. ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के ड्युटी लागली, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, डिसेंबरात थेट बंदी, मे २०२४ मधे बंदी उठली पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के ड्युटी लागली, सप्टेंबरात अट गेली ड्युटी २० वर आली आणि १ एप्रिल २०२५ पासून तीही गेली. दर वेळी बिलाच्या कोडमधे घाईत एक इफ चढवला की वर्षभराने जुनं बिल परत काढताना भलताच आकडा येतो आणि का येतो ते कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून ड्युटीचा दर कोडमधे लिहायचाच नाही. टेबल करा, त्यात कधीपासून, कधीपर्यंत, किती, आणि कुठल्या सरकारी नोटिफिकेशनने, एवढे कॉलम बास. कोडने फक्त तारखेवरून दर शोधायचा. कुठली तारीख धरायची हे स्वतः ठरवू नका, क्लायंटच्या सीएचएला (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.

हात लावायच्या आधी टेस्ट. प्रत्येक बदलाच्या काळातलं एकेक खरं बिल घ्या, रक्कम तीच येते का बघा. याला खरंच फार वेळ लागत नाही आणि रात्रीची झोप लागते.

जुना कोड कमेंट करून किंवा तसाच पडू द्यायची सवय तर आधी सोडा, गिटमधे (कोडचा सगळा इतिहास ठेवणारं टूल) सगळं असतंच की. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीमधे १ ऑगस्ट २०१२ ला नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर जायचा राहिला, आणि नव्या फीचरला जुनाच फ्लॅग (कोड चालू-बंद करायची खूण) परत वापरलेला, त्यामुळे त्या सर्व्हरवर कित्येक वर्षं बंद असलेला कोड चालू झाला, पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या आसपास गेले. तेव्हा न लागणारं उडवा, आणि डिप्लॉय (कोड सर्व्हरवर चढवणं) हाताने नाही, स्क्रिप्टने, शेवटी सगळीकडे एकच व्हर्जन आहे ना हे स्क्रिप्टनेच तपासायचं.

कोडचा रिव्ह्यू ज्युनिअरने केला तरी चालतो. त्याला वाचून कळलं नाही तर कोड बदला, त्याला समजावत बसू नका.

आणि शेठचा फोन आला की स्पष्ट बोला, "शेठ, दर आज बदलून देतो, नवा रिपोर्ट परवा." साफसफाईचा वेळ एस्टिमेटमधेच धरा, वेगळा मागितला तर कोणी देत नाही.

सुरुवात कुठून करायची? गिट लॉग (बदलांची यादी) काढा, गेल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा बदललेली फाइल शोधा, पहिला हात तिथे. जी नीट चालतेय आणि कोणाला उघडावी लागत नाही ती कितीही वेडीवाकडी असली तरी सध्या राहू द्या.