मुंबई ते गणपतीपुळे, कुत्र्यासह: मोटार आणि जंगलजेट्टीचा प्रवास

मुंबईहून गणपतीपुळ्याला महामार्गाने एका दिवसात पोचता येते. परंतु घरात कुत्रा असेल आणि हाताशी पाच दिवस असतील, तर किनाऱ्याकिनाऱ्याने, खाड्या फेरीबोटीतून ओलांडत जाणे त्याला अधिक मानवते, कारण दर काही तासांनी रस्ताच संपतो आणि गाडी थांबवणे भाग पडते. आम्ही पती-पत्नी आणि आमचा बावीस किलो वजनाचा देशी कुत्रा खंड्या असे तिघे हा प्रवास दोनदा करून आलो आहोत. पुढील सूचना बऱ्याच अंशी पहिल्या खेपेच्या चुकांतून सुचलेल्या आहेत.

मार्ग असा आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत गाडी चढवावी. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही सेवा शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा सुमारे तासाभराच्या समुद्रप्रवासावर आणते. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला यावे आणि राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरावे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर झाल्यावर बागमांडल्याहून वेसवीला जाताना सावित्रीची खाडी लागते, दाभोळहून धोपाव्याला जाताना वाशिष्ठीची आणि गुहागर, वेळणेश्वर, हेदवी मागे टाकून तवसाळहून जयगडला जाताना शास्त्रीची. या चारही खाड्यांवरच्या बोटी लहान व उघड्या असतात, दहा ते वीस मिनिटांत पलीकडे नेतात, आणि स्थानिक लोक त्यांना जंगलजेट्टी म्हणतात. रो-रोचे तिकीट आधी काढावे लागते आणि ते काढतानाच कुत्रा सोबत असल्याचे सांगून त्याचे तिकीट, बसण्याची जागा व पट्ट्याचा नियम विचारून घ्यावा. खाडीवरच्या बोटींना असे काही लागत नाही. धक्क्यावर रांगेत गाडी लावावी, पावती घ्यावी आणि वाट पाहावी. मात्र संध्याकाळनंतर फेऱ्या विरळ होतात, म्हणून त्या दिवसाची शेवटची खाडी दुपारी चारच्या आत ओलांडायची असा हिशेब ठेवावा.

तयारीला महिनाभर आधी लागावे. रेबीजची लस मुदतीत आहे ना ते पाहावे आणि लसीकरणाची वही गाडीच्या कप्प्यात ठेवावी. पावसाळ्यात किंवा त्याच्या शेवटाला जाणार असाल तर लेप्टोस्पायरोसिसच्या लसीबद्दल पशुवैद्यांशी बोलावे, कारण कोकणातल्या साचलेल्या पाण्यातून हा रोग कुत्र्यांना होतो आणि त्यांच्यापासून माणसांनाही होऊ शकतो. वळणांच्या रस्त्यावर कुत्र्याला उलट्या होत असतील, तर त्यावर औषध आहे. ते पशुवैद्यांनी वजनाप्रमाणे ठरवून द्यावे, माणसांची गोळी अर्धी करून देऊ नये. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खायला घालू नये, पाणी मात्र तोडू नये. गाडीत कुत्रा मागच्या सीटवर हार्नेसला अडकवलेला असावा. खिडकीतून डोके बाहेर काढून वारा खाणारा कुत्रा फोटोत छान दिसतो, पण त्याच वाऱ्याबरोबर खडी आणि किडे त्याच्या डोळ्यांत जातात.

आता खऱ्या अडचणीच्या जागेकडे येतो. खाडी ओलांडणे कुत्र्याला अवघड जात नाही, अवघड जाते ते बोटीत चढणे. बोट धक्क्याला लागते तेव्हा लोखंडी फळी साखळीवरून खडखडत खाली येते आणि सिमेंटच्या उतारावर आपटते. इंजिन चालूच असते, दुचाक्या आधी सुटतात, कोणीतरी हात हलवून ओरडत असतो. पहिल्या वेळी पत्नीने आगरदांड्याला खंड्याला पायी चढवायचे ठरवले. फळी आपटताच तो मागे सरकला, मान आखडली आणि गळपट्टा कानांवरून निसटून तिच्या हातात रिकामा राहिला. तो एका टेम्पोखाली जाऊन बसला आणि आमच्यामागची सगळी रांग पाच मिनिटे थांबली. कोणी रागावले नाही, उलट टेम्पोच्या चालकानेच बिस्किट दाखवून त्याला बाहेर काढले. पण दोन गोष्टी आम्ही कायमच्या शिकलो. एक, गळपट्टा पुरेसा नसतो. छातीवरून जाणारा आणि पाठीवर धरायला मूठ असलेला हार्नेस घालावा व पट्टा हार्नेस आणि गळपट्टा या दोन्हींना जोडावा. दुसरी, खाडीच्या बोटीवर कुत्र्याला गाडीतूनच चढवावे. चालकाने फक्त गाडी आणि इशारा करणाऱ्या खलाशाकडे लक्ष द्यावे, कारण काही बोटींवर गाडी रिव्हर्समध्ये घ्यावी लागते. दुसऱ्याने मागे कुत्र्याशेजारी बसावे आणि फळी आपटण्याच्या आधीपासून त्याला एकेक तुकडा खाऊ देत राहावे. चौथ्या खाडीपर्यंत खंड्या साखळीचा आवाज आला की आमच्या खिशाकडे पाहू लागला होता.

बोट सुटून इंजिनाचा आवाज एकसारखा झाला की कुत्र्याला उतरवायला हरकत नाही. मात्र फळीच्या विरुद्ध बाजूला, आखूड पट्ट्यावर, आणि पलीकडचा धक्का जवळ दिसू लागताच परत गाडीत. उतरवण्यापूर्वी हाताची मागची बाजू बोटीच्या पत्र्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका बसत असेल तर त्याच्या पंजांनाही बसतो. पत्र्यावर चालण्याची सवय घरीच लावता येते: जुना पत्रा जमिनीवर टाकून त्यावर आठवडाभर जेवणाचे भांडे ठेवावे.

उन्हाची गोष्ट गांभीर्याने घ्यावी. बाहेर तीस अंश तापमान असताना उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासात पन्नासच्या जवळ तापते, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून धक्क्यावरच्या रांगेत ‘दोन मिनिटांत चहा घेऊन येतो’ म्हणून दोघांनी एकदम उतरू नये. कुत्रा अतिशय धापा टाकू लागला, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या किंवा तो लडखडू लागला, तर सावलीत नेऊन पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवावेत, वारा घालावा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे निघावे. पग किंवा तत्सम चपट्या नाकाचा कुत्रा असेल, तर मार्च ते मे हा प्रवास करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

किनाऱ्यावर पोचल्यावर कुत्रा मोकळा सोडण्याचा मोह आवरावा. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत वेळास, केळशी, आंजर्ले, दिवेआगर, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि वाळू उकरणारा कुत्रा हा त्या घरट्यांचा मोठा शत्रू ठरतो. कासवांची अंडी राखणाऱ्या कुंपणाच्या आसपास तर पट्ट्यावरही नेऊ नये. दुसरा धोका माणसांच्या सहसा लक्षात येत नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढून झाल्यावर टाकून दिलेल्या मासळीत केंड असतो, फुगलेल्या पोटाचा आणि काटेरी. मेलेला, वाळलेला केंडसुद्धा विषारी असतो आणि कुत्र्याला त्याचा वास आवडतो. ‘सोड’ ही आज्ञा पक्की नसेल तर तोंडाला जाळीची टोपी घालावी. समुद्राचे पाणी पिऊ देऊ नये. पोहून आल्याबरोबर गोडे पाणी पुढे करावे आणि अंगावरचे मीठ धुऊन टाकावे.

मुक्कामासाठी मोठ्या हॉटेलांपेक्षा घरगुती सोय बरी पडते, पण फोनवर ‘कुत्रा चालेल ना’ एवढेच विचारून थांबू नये. घरात मांजर, कोंबड्या किंवा त्यांचा स्वतःचा कुत्रा आहे का, आमचा कुत्रा पडवीत झोपला तर चालेल का, हेही विचारावे. आमटी आणि कालवणात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याला घातक ठरतो, म्हणून कुत्र्यासाठी पातेल्यात वेगळा भात आणि काटे काढलेला उकडलेला मासा मागावा. कोकणातल्या काकू तो आनंदाने करून देतात, फक्त वर आठवणीने फोडणी घालू नका असे सांगावे लागते. मे महिन्यात अंगणातल्या आंब्याच्या कोयी आधी गोळा कराव्यात, कारण गिळलेली कोय आतड्यात अडकली तर शस्त्रक्रिया करावी लागते. संध्याकाळनंतर कातळावर किंवा गवतात विजेरीशिवाय फिरवू नये, या भागात फुरशी हे विषारी साप आहेत. देवळांत दोघांनी आळीपाळीने जावे.

रोज रात्री कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या मुळाशी गोचिड चाचपून पाहावेत आणि सापडलेला गोचिड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल किंवा काडेपेटी वापरू नये. घरी परतल्यावर पुढचे तीन आठवडे कुत्रा जेवेनासा झाला, त्याला ताप आला किंवा लघवी गडद दिसली, तर पशुवैद्यांना कोकणात जाऊन आल्याचे सांगून रक्त तपासून घ्यावे.