दम्याची औषधे कशी तोलावीत : चिठ्ठीवरची, मेडिकलमधून मागून आणलेली आणि झाडपाल्याची

नाशिक जिल्ह्यात दमेकऱ्यांना दोन हंगाम विशेष जड जातात. एक, निफाडचा पारा उतरतो आणि द्राक्षबागांवर फवारणी चालू असते ते दिवस. दुसरा, घराच्या भिंतींना ओल धरते तो पावसाळा. माझ्या आईचा दमा जुना आहे. गेल्या हिवाळ्यात तिचा औषधांचा स्टीलचा डबा मी वर्तमानपत्रावर पालथा केला, तेव्हा त्यातून दोन निळे पंप, रोटाकॅप्सची एक बाटली, श्वासनळी सैल करणाऱ्या थिओफायलिनच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, खोकल्याचे औषध, कनकासव या आयुर्वेदिक औषधाची बाटली आणि नावगाव नसलेल्या करड्या भुकटीच्या अकरा पुड्या निघाल्या. छातीच्या डॉक्टरांना पुड्यांची खबर नव्हती आणि वैद्यांना गोळ्यांची. म्हणून पहिले काम हेच करावे : घरातली सगळी औषधे, डोळ्यांचे थेंब आणि दुखण्यावरच्या गोळ्यांसकट, एका जागी मांडावीत आणि प्रत्येकाचे नाव, मात्रा व ते कोणी सुचवले हे एका कागदावर लिहावे.

त्यानंतर प्रत्येक औषधाला एकच प्रश्न विचारावा : हे आकसलेली श्वासनळी उघडते, की तिच्या आतली सूज उतरवते? दम्यात नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात, पण त्यामागे नळीच्या अस्तराला महिनोन्महिने राहिलेली सूज असते. सॅल्ब्युटामॉलचा निळा पंप काही मिनिटांत स्नायू सैल करतो आणि त्याचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. सुजेला मात्र तो हात लावत नाही. सूज उतरवण्याचे काम ब्युडेसोनाइडसारखी श्वासातून घ्यायची स्टेरॉइड करतात, आणि त्यांचा गुण येण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात. लगेच बरे वाटते ते औषध खरे आणि काहीच जाणवत नाही ते फुकट, असा हिशेब घरोघरी होतो, आणि नेमके हवे ते औषध आधी बंद पडते. ‘जीना’ या जागतिक दमा मार्गदर्शिकेने 2019 पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ निळ्या पंपावर ठेवू नये असे स्पष्ट सांगितले आहे. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप नियमित घेण्यासाठी आणि दम लागल्यावरही वापरता येतो. तो आपल्यासाठी योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकताच घरातली वडीलधारी मंडळी दचकतात, म्हणून येथे आकडे पाहावेत. पंपाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीची मिलिग्रॅममध्ये, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. ब्युडेसोनाइडचे 200 मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा घेतले, तर दिवसाची बेरीज अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आत राहते, आणि औषध थेट नळीत पोहोचते. सॅल्ब्युटामॉलचेही तसेच : पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम, तर चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या चाळीसपट. ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ असे म्हणणाऱ्याने हात थरथरतात आणि छाती धडधडते ती कशाने, याचा विचार करावा. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर मात्र चूळ भरून पाणी थुंकावे. नाहीतर तोंडात बुरशी येते आणि आवाज बसतो. दाबायचा पंप शक्यतो स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावूनच घ्यावा. रोटाकॅप ही गिळायची कॅप्सूल नव्हे, ती यंत्रात फोडून ओढायची असते. हे सांगण्याची वेळ किती वेळा येते, ते कोणत्याही मेडिकलवाल्याला विचारून पाहावे.

पंप किती उडतात तेही मोजावे. निळ्या पंपात बहुधा 200 दाब असतात. वर्षात तीन किंवा अधिक पंप संपत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो, आणि महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा धोकाही वाढतो. पंप पाण्यात टाकून तो तरंगतो का, यावरून शिल्लक ओळखण्याची युक्ती भरवशाची नाही. दाब मोजणारा काटा नसेल तर सुरू केल्याची तारीख पंपावर चिकटवावी.

आता चिठ्ठीविना आणलेल्या औषधांकडे वळू. गोळे कॉलनीच्या घाऊक बाजारातून शहरभर जाणाऱ्या दम्याच्या औषधांपैकी बहुतेक शेड्यूल एच मध्ये मोडतात, म्हणजे कायद्याने चिठ्ठीचीच असतात, तरी मागितल्यावर ती सहज मिळतात. त्यामुळे ‘दुकानात मिळाले’ ही सुरक्षिततेची खूण समजू नये. थिओफायलिनची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक सोबत आले की रक्तातली पातळी चढते आणि मळमळ, धडधड सुरू होते. दम्यावरचे माँटेल्युकास्ट आणि अ‍ॅलर्जीवरचे लेव्होसेटिरिझिन यांची जोडगोळी सर्दीसाठी सर्रास घेतली जाते, पण माँटेल्युकास्टने काहींना वाईट स्वप्ने, चिडचिड आणि उदासी येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनने काही दमेकऱ्यांचा दम उसळतो. अशांना तापासाठी पॅरासिटामॉल बहुधा चालते. काचबिंदूसाठी दिलेल्या टिमोलॉलच्या थेंबांनीही नळ्या आवळतात, म्हणून यादीत डोळ्यांचे थेंब हवेत असे वर म्हटले.

झाडपाल्याबद्दल सरसकट नाक मुरडणे योग्य नाही, कारण आधुनिक औषधांतली काही त्याच वाटेने आली आहेत. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन तयार झाले. धोत्र्यातल्या अ‍ॅट्रोपिनच्या कुळातले इप्राट्रोपियम आज नेब्युलायझरमध्ये वापरतात. पण याच कारणाने ही औषधे निरुपद्रवीही म्हणता येत नाहीत. कनकासवातले ‘कनक’ म्हणजे धोत्राच. मात्रा चुकली तर तोंड कोरडे पडते, लघवी अडते, वृद्धांना भ्रम होतो. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते, आणि सॅल्ब्युटामॉलही पोटॅशियम उतरवतेच. सोमलतेच्या कुळातल्या वनस्पतींत एफेड्रिन असते, ते हृदयावर ताण आणते. आल्याचा काढा किंवा मधाचे चाटण घशाला आराम देते, तेवढ्यापुरते ते घ्यावे. कापूर-निलगिरीच्या उग्र वाफेने मात्र काहींचा दम वाढतो. श्वासातल्या स्टेरॉइडची जागा घेऊ शकेल असे कोणत्याही वनस्पतीबाबत सिद्ध झालेले नाही. आयुर्वेदिक उपचार घ्यायचेच असतील तर पंचवटीतल्या गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी, नोंद ठेवणाऱ्या वैद्यांकडून घ्यावेत आणि पंपाची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवावी.

पुड्यांची गोष्ट वेगळी आहे. आईच्या त्या भुकटीने ‘दोन दिवसांत दम बसला’, भूक वाढली, चेहरा गोल झाला आणि साखरही चढली. कोणत्याही अनामिक पुडीने असा झटपट चमत्कार केला, तर तीत स्टेरॉइडची भेसळ असण्याची शंका घ्यावी. अशी पुडी कळल्याबरोबर फेकून देण्याची घाई मात्र करू नये : बरेच आठवडे पोटातून स्टेरॉइड गेले असेल, तर ते एकाएकी तोडल्याने रक्तदाब घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. पुडी सोबत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि मात्रा त्यांनीच उतरवावी. कोजागिरीच्या खिरीतून किंवा मृगाला हैदराबादेत माशातून औषध घेणाऱ्यांची श्रद्धा मोडण्याची गरज नाही. फक्त त्या प्रवासात पंप खिशात असावा आणि परतल्यावरही तो सुटू नये. दमा मुळापासून घालवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींबाबत एवढेच : ज्या आजारांबद्दल औषधाने बरे करण्याचा दावा करू नये, त्यांच्या कायद्यातल्या यादीत, शेड्यूल जे मध्ये, ब्राँकियल अस्थमाचे नाव आहे.

नवे औषध, मग ते कोणत्याही पंथाचे असो, एका वेळी एकच सुरू करावे, आणि तोवर आधीचे तसेच चालू ठेवावे. गुण आला की नाही हे आठवणीवर न सोडता चार आठवड्यांची वही ठेवावी : आठवड्यात दोनपेक्षा अधिक दिवस दम लागला का, दमाने रात्री जाग आली का, झटका आवरण्यासाठी पंप दोनपेक्षा अधिक वेळा लागला का, जिना चढणे किंवा रोजची कामे अडली का. पीक फ्लो मीटर, म्हणजे जोराने फुंकून श्वासाचा वेग मोजायचे साधन, मिळाला तर सकाळ-संध्याकाळचे आकडेही लिहावेत. आईच्या वहीत तिसऱ्या आठवड्यापासून रात्रीच्या रकान्यात फुल्या थांबल्या, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी थिओफायलिन बंद केले.

वहीच्या मागच्या पानावर झटक्यासाठीची सूचना डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. वाक्य एका दमात पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल किंवा पंप घेऊनही उतार पडत नसेल, तर काढा, वाफ, पुडी काहीही न करता 108 ला फोन करावा. रुग्णाला आडवे न निजवता बसते ठेवावे, आणि गाडी येईपर्यंत निळा पंप स्पेसरमधून चार ते दहा दाब, एकेक करून, दर वीस मिनिटांनी द्यावा; डॉक्टरांनी वेगळे लिहून दिले असेल तर त्यांचेच पाळावे. रुग्णालयात जाताना तो पहिला कागद, सगळ्या औषधांच्या यादीचा, सोबत न्यावा.