किनाऱ्यावरच्या शूटिंगसाठी फील्ड मॉनिटर घेताना
हर्णै बंदरातला माशांचा लिलाव किंवा तारकर्लीची पांढरी वाळू भर उन्हात शूट करायची असेल, तर फील्ड मॉनिटरचा, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या छोट्या पडद्याचा, ब्राइटनेस सगळ्यात आधी बघा. स्वस्तातले बरेच मॉनिटर ४०० ते ५०० निट्सचे असतात (निट हे ब्राइटनेसचं एकक). घरात झकास दिसतात, पण किनाऱ्यावर त्यात चित्राऐवजी आपलाच चेहरा दिसतो. माझ्या मते १००० निट्सच्या खाली जाऊच नका. पैसे वाचवायचेच तर रिझोल्यूशनवर वाचवा. साडेपाच इंची पडद्याला १९२० बाय १०८० भरपूर झालं. जाहिरातीतलं ‘४के’ बहुतेकदा फक्त सिग्नल स्वीकारण्यापुरतं असतं.

फॉल्स कलर, म्हणजे चित्रात कुठे किती उजेड आहे ते वेगवेगळ्या रंगांत दाखवणारी सोय, मात्र हवीच. टोपलीतल्या ओल्या पापलेटवर ऊन पडलं की चंदेरी अंग पार पांढरं होऊन तपशील जातो; फॉल्स कलर ते तिथल्या तिथे रंगाने दाखवतो.

लाइव्ह करणार असाल तर एचडीएमआय आउट असलेलाच घ्या, म्हणजे तोच सिग्नल पुढे कॅप्चर कार्डला (कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या उपकरणाला) देता येतो. बॅटरी एनपी-एफ प्रकारची (सोनीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांची) चालणारी बरी. केबल घेताना कॅमेऱ्याचं एचडीएमआय पोर्ट मायक्रो की मिनी, ते बघा. आणि खाऱ्या वाऱ्यातून परतलात की मॉनिटर बंद करून किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा, नीट सुकू द्या, मगच बॅगेत ठेवा.