ट्रेकचं फर्स्ट एड किट भरताना या चुका टाळा (दर पावसाळ्यात तेच तेच बघून कंटाळलोय)

जून लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो सुरू. "दादा किट रेडी, बघा काही राहिलंय का." फोटोत ऑनलाइन मागवलेली लाल पिशवी, आत चाळीस बँडएड, नेलकटरपेक्षा लहान कात्री आणि एक माहितीपुस्तिका जी घडीसुद्धा न मोडता तशीच असते. राहिलंय काय म्हणता, सगळंच राहिलंय.

मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं सह्याद्रीत ग्रुप घेऊन जातो एवढंच.

सगळ्यात मोठी चूक आत काय भरलंय ही नसतेच, किट कुणाच्या सॅकमध्ये आहे ही असते. आणि ही मी स्वतः केलीय. जुलै महिना, हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरच्या वाटेने उतरत होतो. लीडर म्हणून मी पुढे, किट माझ्याकडे, तेही सॅकच्या तळाशी, वर ओले कपडे. मी तोलार खिंडीत पोचलो आणि मागे रेलिंगच्या टप्प्यावर एक मुलगा घसरला, नडगी चांगली फाटली. नेटवर्क नाही, निरोप ओरडत ओरडत खाली आला, मी परत वर चढेपर्यंत पाऊण तास. तोवर आमच्या वाटाड्या मामांनी खांद्यावरचा पंचा घडी करून जखमेवर गच्च दाबून धरला होता, मध्ये उचलून "थांबलं का" म्हणून बघितलंसुद्धा नाही. रक्त थांबलं ते त्यामुळेच. माझं किट उघडलं तर गॉज भिजलेला, ओल्या कातडीवर चिकटपट्टी धरेना, आणि त्या खेळण्यातल्या कात्रीने ट्रॅकपँट कापली जाईना.

तेव्हापासून मोठं किट शेवटच्या माणसाकडे. ज्याला लागतं तो मागे पडतो आणि शेवटचा माणूस त्याच्यापर्यंत पोचतोच, पुढच्याला उलटं चढावं लागतं. सॅकच्या वरच्या कप्प्यात, प्रत्येक वस्तू वेगळ्या झिपलॉकमध्ये. दहा सेंटिमीटरचे क्रेप बँडेज दोन, गॉज भरपूर, ग्लोव्हज, आणि कात्री शिंप्याकडे असते तशी दणकट, फक्त टोक बोथट.

दुसरी डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे कापलेल्या स्ट्रिपा. घरच्या डब्यातून दोन गोळ्या कापून आणायच्या, नाव आणि एक्सपायरी राहते घरच्या तुकड्यावर. मग रात्री गुहेत टॉर्च मारून चर्चा, ही पांढरी गोळी तापाची का अ‍ॅलर्जीची. अरे, पॅरासिटामॉलची अख्खी स्ट्रिप काय सोन्याच्या भावात मिळते का? अख्खी आणा, कंटाळा करू नका. आणि गोळी देण्याआधी समोरच्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे, आधीपासून कसली औषधं चालू आहेत ते विचारा, मी तर निघायच्या आधीच सगळ्यांचं कागदावर लिहून घेतो.

बाकीच्या पटापट सांगतो.

कापूस थेट जखमेवर नको, तंतू चिकटतात.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, अर्ध्या ग्लासात ढवळून "लवकर फरक पडेल" म्हणणारे हुशार लोक मी पाहिलेत. पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचा.

स्टोव्हवर भाजलं तर टूथपेस्ट, हळद काही नाही, साधं गार पाणी वीस मिनिटं. वीस म्हणजे वीस, लोक दोन मिनिटांत हात काढतात.

सापासाठी म्हणून ब्लेड आणि दोरी भरणाऱ्यांनी ती आत्ताच काढून टाका. कापायचं नाही, आवळायचं नाही, चोखायचं तर अजिबात नाही. अंगठ्या, कडं काढा, हातपाय हलू न देता माणसाला उचलून खाली आणा, १०८ ला फोन करा. त्यावरचं औषध हॉस्पिटलातच देतात, पिशवीत मिळत नाही.

आणि परत आल्यावर त्याच रात्री किट रिकामं करून वाळवा, वापरलेलं भरून ठेवा. रविवारी रात्री सॅक कोपऱ्यात फेकली की ती थेट पुढच्या ट्रेकला उघडते. आमच्याकडे एकदा क्रेप बँडेजच्या जागी कुणाचा तरी ओला सॉक्स निघाला होता, तोही एकच.