तोफखाना मिळाला म्हणजे नेमकं काय मिळालं?

भरतीची तयारी करणारी लातूर-उदगीरकडची पोरं मला हमखास विचारतात, ‘काका, आर्टिलरी चांगली का एअर डिफेन्स?’ आर्टिलरी म्हणजे तोफखाना, एअर डिफेन्स म्हणजे शत्रूची विमानं पाडणारी शाखा. चांगलं-वाईट असं त्यात काही नाही. भावकीत वाटण्या व्हाव्यात तशा या शाखा एकाच घरातून निघाल्या. त्या का वेगळ्या झाल्या ते समजून घ्या, म्हणजे आपला पिंड कुठं जमेल हेही कळेल.

विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. पुढं ती आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. त्या काळी गोलंदाजाला लक्ष्य डोळ्यांनी दिसायचं. पल्ला वाढला, तोफा टेकडीआड गेल्या आणि कामं वाटली गेली. आघाडीवर ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीवर, बसलेला अधिकारी लक्ष्य बघतो, रेडिओवाला ते मागं कळवतो आणि तोफेवरच्या जवानांना लक्ष्य दिसतही नाही.

माझा ट्रेड, म्हणजे फौजेतलं ठरलेलं काम, टेक्निकल असिस्टंटचा. कमांड पोस्टमध्ये, म्हणजे तोफांना हुकूम जातात त्या ठिकाणी, नकाशावरून दिशा आणि अंतर काढायचं, त्यात वारा, हवेचं तापमान, एवढंच काय, गोळा फेकणाऱ्या चार्जमधल्या दारूचं तापमानसुद्धा धरायचं. दारू गरम असली की गोळा लांब जातो. मे महिन्यातल्या दुपारी आणि पहाटे एकाच तोफेचं गणित वेगळं येतं. मला या कामाची गोडी लागली ती इथंच.

आता लक्ष्यच पळत असेल तर? किनाऱ्यावरच्या तोफांना चालत्या जहाजाच्या पुढचा बिंदू धरावा लागे. मैदानी तोफखान्यापेक्षा हे काम इतकं निराळं, की अमेरिकेनं १९०७ मध्ये किनारी आणि मैदानी तोफखाना वेगळा केला. ब्रिटिशांनी १८९९ मध्ये अशीच वाटणी केली आणि १९२४ मध्ये पुन्हा एकत्र आणलं. म्हणजे शाखा एकदा फुटली की कायमची फुटली, असं नसतं. विमानं आल्यावर किनारी तोफांचं महत्त्व ओसरलं. १९५० मध्ये अमेरिकेनं ती शाखाच बंद केली. पळत्या लक्ष्याचं कसब मात्र विमानविरोधी तोफांकडं आलं. तिथं हिशोबाला मिनिटं नसतात, सेकंद असतात. रडार वेगळं, सराव वेगळा. अमेरिकेत १९६८ मध्ये एअर डिफेन्स स्वतंत्र झालं, आपल्याकडं १० जानेवारी १९९४ रोजी.

त्याआधी, १ नोव्हेंबर १९८६ ला, आर्मी एव्हिएशन, म्हणजे लष्कराची स्वतःची हवाई शाखा, वेगळं झालं. त्याची मुळंही तोफखान्यातच. छोट्या विमानातून गोळे कुठं पडतात ते बघून मारा दुरुस्त करणारे एअर ओपीचे वैमानिक गनरच, म्हणजे तोफखान्याचेच, होते.

एक गोष्ट आपल्या पोरांना ठाऊक असावी. १८५७ नंतर इंग्रजांनी डोंगरी बॅटऱ्या (डोंगरात नेता येणाऱ्या हलक्या तोफांच्या तुकड्या) सोडल्या तर बाकी तोफा हिंदी शिपायांच्या हातून काढून घेतल्या. हिंदी जवानांची फील्ड ब्रिगेड, म्हणजे मैदानी तोफांची तुकडी, उभी राहिली ती थेट १९३५ मध्ये, बंगळुरूला. हा ट्रेड आपल्याला सहज मिळालेला नाही.

जवानाला कुठली शाखा मिळेल ते जागांवर ठरतं. हट्ट चालत नाही. तोफखाना मिळाला तर ट्रेनिंग नाशिक रोड किंवा हैदराबादच्या सेंटरला. ट्रेड ठरवताना गणित आणि नकाशा येणारा पोरगा उठून दिसतो. ग्राउंड मारून आल्यावर रोज तासभर दहावीची त्रिकोणमिती काढा, कोन आणि दिशा तोंडी घोका. पोरींनीही अधिकारी होण्याचा विचार करावा; एप्रिल २०२३ पासून तोफखान्यात महिला अधिकारी आहेत.