गिटार ड्युएट बसवताना या चुका टाळा

कोल्हापुरात क्लासिकल गिटार शिकवताना दरवर्षी एखादी तरी जोडी समोर बसते, "सर, ड्युएट पाठ झालंय" म्हणते आणि चौथ्या ओळीत अडखळते. दोघांचं स्वतःचं वाजवणं चोख असतं. पण लय कुठली, सूर कशाला जुळवायचा, रचनेचा भाव काय, हे दोघांनी आपापल्या घरी ठरवलेलं असतं.

पहिल्या ओळीवरून लय धरणं, ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. स्पॅनिश गिटारवादक-रचनाकार फर्नांदो सॉरचं (1778–1839) ओपस 34, म्हणजे 34 क्रमांकाची रचना, घ्या. जी मेजरमधलं हे ड्युएट त्याने गुरू आणि शिष्य यांच्यासाठी लिहिलं. आधी गाता येईल असा संथ भाग, मग एक साधी धून आणि तिची व्हेरिएशन्स, म्हणजे तीच धून वेगवेगळ्या रूपांत, शेवटी तीन मात्रांच्या नाचाच्या चालीचा वॉल्ट्झ. ती धून इतकी सोपी वाटते की हात आपोआप पळतो. पण धुनेला जी लय दिली, तिच्यातच पुढची व्हेरिएशन्स बसवावी लागतात.

एका पावसाळ्यात छोट्या कार्यक्रमात मी दुसरी गिटार धरली होती, पहिली एका विद्यार्थ्याकडे. वर्गात आम्ही मिनिटाला 72 मात्रांवर बसवलेलं. मधले पंधरा दिवस तो घरी मोबाईलवरच्या एका रेकॉर्डिंगबरोबर वाजवत राहिला आणि त्या दिवशी त्याने धून उचलली ती 92 च्या आसपास. मला पहिल्या दोन मात्रांतच कळलं, पण लोकांसमोर त्याला मागे कसं खेचणार? मात्रेला चार स्वर धरले तर 72 ला सेकंदाला पाचाच्या आत स्वर येतात, 92 ला सहाच्या वर. दुसऱ्या व्हेरिएशनमध्ये त्याची बोटं अडकली, तो अर्धी मात्रा मागे पडला, मी त्याला सावरायला थांबलो आणि तेवढ्यात तो पुढे उडी मारून गेला. आम्ही पुन्हा धुनेपासून सुरुवात केली. मुलगा उतरल्यावर रडला. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्याची तयारी कमी नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे एकच रीत. रचनेतली सगळ्यात अवघड ओळ आधी काढायची, ती दोघांना सलग पाच वेळा स्वच्छ जमेल तो आकडा मेट्रोनोमवर, म्हणजे मात्रा मोजणाऱ्या यंत्रावर, बघायचा आणि पेन्सिलने दोघांच्या नोटेशनवर लिहायचा. सुरुवात तिथूनच. हे शहर ख्यालगायक अल्लादियाखाँसाहेबांचं आहे. त्यांच्या जयपूर घराण्यात ख्याल फार विलंबित मांडत नाहीत, पण धरलेल्या लयीत पुढची पेचदार तान बसते. तेवढा विचार आपणही करायला हवा. मोबाईलवर ऐकून लय उचलणं मला अजिबात मान्य नाही. त्या वादकाची वीस वर्षं तुमच्या बोटांत नाहीत.

दुसरी चूक सुरांची. एक जण ट्यूनरवर लावतो, दुसरा पाचव्या-सातव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या पट्टीच्या) हार्मोनिक्सवर, म्हणजे तार न दाबता बोट नुसतं टेकवून निघणाऱ्या स्वरांवर. हार्मोनिकचा पंचम शुद्ध असतो, फ्रेटवरचा किंचित उतरलेला, त्यामुळे तारेगणिक फरक साठतो आणि दोन गिटारी एकत्र वाजल्या की आवाज लाटेसारखा हलतो, आंदोलनं ऐकू येतात. मागे एका जोडीत तर एकाच्या मोबाईलमधल्या ट्यूनरचा मूळ ए स्वर 432 हर्ट्झवर गेलेला, दुसऱ्याचा 440 वर. अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा एवढं अंतर! दोघं अर्धा तास एकमेकांना बेसूर म्हणत होते. एकच ट्यूनर दोघांनी वापरा, मग एकाच्या प्रत्येक मोकळ्या तारेला दुसऱ्याची तीच तार कानाने मिळवून बघा.

डी मेजर किंवा डी मायनरच्या रचनेत सहावी तार ई वरून डी वर उतरवायची असेल, तर ती आधी डी च्याही खाली न्या आणि वर चढवत आणा. नुसती सोडलेली तार वाजवता वाजवता पुन्हा वर सरकते. ताण कमी झाल्याने बाकीच्या ताराही हलतात, म्हणून सहाही परत तपासा. आणि हे दोघांपैकी कुणी करायचं ते नोटेशनवर लिहा.

पट्टी अवघड वाटली म्हणून एकट्यानेच कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, लावू नका. ई मायनर, ए मायनर, डी मेजर या पट्ट्या गिटारला शोभतात त्या खालच्या मोकळ्या तारांच्या घुमण्यामुळे. कॅपोने तो खर्जच जातो.

मायनर पट्टी म्हणजे रडकी आणि म्हणून हळू, हाही एक पक्का बसलेला गैरसमज. हार्मोनिक मायनर या मायनरच्या एका प्रकाराचे स्वर आपल्या किरवाणी रागाचेच, आणि किरवाणीत द्रुत गत किती तेजस्वी वाजते! भाव शोधायचा असेल तर दोघांनी गिटार बाजूला ठेवून वरची सुरावट गुणगुणा. श्वास जिथे घ्यावासा वाटतो तिथे खूण करा. साथीची गिटार तिथेच किंचित सैल व्हायला हवी. घाईतली मुलं हे करायला लाजतात. त्यांना थेट वाजवायचं असतं.

पावसाळ्यात इथली हवा लाकडात शिरते. गिटार केसमध्येच ठेवा, पण वाजवण्याआधी वीस मिनिटं दोन्ही एकाच खोलीत उघड्यावर असू द्या.

सुरुवातीचा इशारा मानेने नको, श्वासाने द्या, आणि तोही ठरलेल्या लयीत. शेवटाकडे लय किती ओढायची हे कार्यक्रमाच्या दिवशी ठरत नाही. माझ्या वर्गात सरावाला बसलं की पहिल्यांदा शेवटच्या दोन ओळीच वाजवतात, मग पहिली.