कमिट करायच्या आधी स्वतःचा कोड तुकड्यातुकड्यानं वाचा

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, आणि कमिट म्हणजे त्यातली एक पक्की नोंद. सगळे बदल एकदम कमिटसाठी घेणारी 'गिट ॲड डॉट' ही कमांड सरळ मारायची सवय असेल तर ती आधी सोडा. त्याऐवजी 'गिट ॲड डॅश पी' वापरा, म्हणजे गिट एकेक बदल समोर आणून विचारतं, हा घ्यायचा का, वाय दाबलं की घेतला, एन दाबलं की राहिला, तुकडा मोठा वाटला तर एस दाबून अजून फोडता येतो. मी अक्कलकोट रोडवरच्या एका चादर-टॉवेलवाल्याचं बिलिंगचं सॉफ्टवेअर करायलो होतो, तेव्हा टेस्टिंगसाठी डिस्काउंट १०० टक्के टाकून ठेवलेला तसाच गेला आणि सकाळी शेठचा फोन, "अरे बिल शून्याचं कसं येतंय बे?" असलं काही ह्या वाचनात लगेच डोळ्यात खुपतं, शिवाय 'टेंप२' सारखी नावं, तपासायला टाकून तसेच राहिलेले प्रिंट, कॉमेंट करून ठेवलेला मेलेला कोड पण. दोन वेगळी कामं एकाच फाईलीत झाली असतील तर दोन वेगळे कमिटही करता येतात, मला तर हाच खरा फायदा वाटतो.

फक्त नवीन फाईल ह्यात दिसत नाही, तिला आधी 'गिट ॲड डॅश कॅपिटल एन' करून घ्या.